शिडी खालच्यांची, माळा वरच्यांचा

नागपूर स्टेशनवर बाबांनी माझ्या हातात संत्रा बर्फीचा डबा दिला आणि गाडी हलल्यावर, खिडकीबरोबर चालत चालत, एक सूचना दिली.

"माळ्यावरच राहायचं. खालच्यांच्या जागेत सामान ठेवायचं नाही. आपण वरचे, लक्षात आहे ना?"

लक्षात होतं, कारण लहानपणापासून ऐकत आले होते. समजलं मात्र कधीच नव्हतं.

आमचं गाव सिंधुदुर्गात. नाव सांगत नाही, कारण तिथली बरीच माणसं हे वाचतील आणि त्यांना माझा फोन नंबर माहीत आहे. गावाच्या मधून एक पऱ्या (पावसाळी ओढा) वाहतो. अलीकडे देऊळ, शाळा आणि मोठं गाव; पलीकडे आमची चौदा घरांची वाडी. गिरण्या जोरात होत्या तेव्हा गावाने परळच्या एका चाळीत एक खोली घेतली. गावातून नोकरीला येणारा प्रत्येक पुरुष तिथे पथारी टाकायचा. अशा 'गावच्या खोल्या' गिरणगावात खूप होत्या, अजूनही थोड्या आहेत. आमच्या खोलीचं वैशिष्ट्य एवढंच की खोली मोठ्या गावाची आणि तिच्यातला पोटमाळा पऱ्यापलीकडच्या वाडीचा. माळ्याचा कारभार माळ्याकडे. बाबांनी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास त्याच माळ्यावर केला. नंतर बँकेने त्यांना नागपूरला धाडलं आणि मी तिथे, इंग्रजी शाळेत, पऱ्याच्या कुठल्याच बाजूला न जाता वाढले.

मुंबईला मी शिष्यवृत्तीच्या मुलाखतीसाठी निघाले होते. विषय माझा मीच निवडला होता: मोठ्या देशात राहून स्वतःचा कारभार स्वतः पाहणारे प्रदेश. त्यातले काही शंभर वर्षं टिकतात, काही दहा वर्षांत मोडतात. असं का? नागपुरात हा विषय घेऊन कोणाच्या घरी जाऊ नये. चहा थंड होतो आणि स्वतंत्र राज्यावरून काका लोकांचे आवाज चढतात. मी मुळात कमी बोलते, त्यामुळे मला सुरक्षित अंतरावरचे प्रदेश आवडतात: फिनलंडमधली ओलांड बेटं, इटलीतलं दक्षिण टायरॉल. तिथले काका लोक मला ओळखत नाहीत.

---

शनिवारी सकाळी दादरला उतरले. गणपती जाऊन चार दिवस झाले होते. टॅक्सी लालबागमधून गेली तेव्हा मांडवांचे बांबू सोडवले जात होते. रस्त्याकडेला त्यांच्या मोळ्या पडल्या होत्या आणि सुतळीचे तुकडे चाकाखाली येत होते. मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी सिग्नल लागला. डंक (मसाला कांडण्याचं यंत्र) धपधप चालू होते. काच खाली होती. मला एकामागून एक सात शिंका आल्या.

"नवीन काय?" टॅक्सीवाल्याने आरशातून विचारलं.

"हो."

"मग बरोबर. तीन दिवसांनी बंद होतात."

मी तीन दिवसांसाठीच आले होते, हे त्याला सांगितलं नाही.

चाळ तिसऱ्या मजल्यावर जितकी लांब तितकीच अंधारी होती. खोलीच्या दारात शांतारामकाका उभा होता, बाबांचा चुलतभाऊ. एका जुन्या गिरणीच्या जागी झालेल्या टॉवरमध्ये तो सुरक्षारक्षक आहे, आणि सध्या माळ्यावर राहणारा आमच्या वाडीचा तो एकटाच. म्हणजे लोकसंख्याही तोच आणि सरकारही तोच.

"इलंस? ये गो. पाय धू आणि सरळ वर. खाली बसू नको, खालचे चाय देतीत, मग रोज उतराक लावतीत."

खोली बारा बाय पंधराची. छत जुन्या चाळींसारखं उंच, म्हणून मागच्या अर्ध्या भागात लाकडी पोटमाळा. त्याला पुढे गुडघ्याएवढा कठडा, कठड्यात एक फट आणि फटीला टेकवलेली बांबूची शिडी. खाली चार बिऱ्हाडकरू पुरुष, भिंतीला लावलेल्या ट्रंका, देवाचं कपाट, आणि गावाहून नुकत्याच आलेल्या नारळांचा ढीग. वर काकाची गादी, माझ्यासाठी धुतलेली चादर, आणि कोपऱ्यात तांबड्या कापडात गुंडाळलेला पखवाज.

"ह्यो खालच्यांचो," काका म्हणाला, "पण ठेवूची जागा आपली."

रात्री माझ्या सोबतीला शेजारच्या सुमनकाकू वर झोपायला येणार होत्या. खोलीत बाईमाणसाने रात्री राहायचं नाही असा खालच्यांचा जुना नियम होता. पण तो नियम शिडीपाशी संपत होता. बाबांनी फोन केला तेव्हा खालच्यांचे अध्यक्ष भाऊ म्हणाले होते, "वरचा वरच्यांनी बघूचा." एवढ्या सोप्या शब्दांत अधिकारांची वाटणी मी कुठल्याच पुस्तकात वाचली नव्हती.

काका दोन पाळ्या लागोपाठ करायला निघून गेला. म्हणजे रविवारी दुपारपर्यंत माळ्याची जबाबदारी, त्याच्या शब्दांत, "तुझ्यावर".

---

इथे मी माझा अपराध कबूल केला पाहिजे.

भाऊ देवळात गेले होते, बाकीचे कामावर. मला प्रवासाचे कपडे बदलायचे होते आणि आरसा नसल्याने फोनच्या कॅमेऱ्यासमोर मुलाखतीची उत्तरं म्हणून बघायची होती. स्वतःशी बोलताना कोणी वर आलं तर? मी कठड्यावर चादर टाकली. तेवढ्याने भागेना. मग शिडी हलवून पाहिली. ती हलकी होती. हात घालून ओढली, वर घेतली आणि गादीशेजारी आडवी ठेवली. फार निश्चिंत वाटलं. "शुभ सकाळ, माझ्या संशोधनाचा विषय..." एवढं म्हणेपर्यंत रात्रभर गाडीत न झोपलेल्या माझा डोळा लागला.

जाग आली ती शांततेने. चादर जरा सरकवून खाली पाहिलं. खाली नऊ माणसं उभी होती. खोलीतली चार आणि शेजारपाजारची पाच. सगळी वर बघत होती.

मध्ये भाऊ. पंचाहत्तरीचे, गिरणीत ताण्यावर काम केलेले, पांढरा लेंगा, कपाळाला बुक्का. त्यांच्या शेजारी खोलीचा कारभार पाहणाऱ्या गावच्या मंडळाचा सेक्रेटरी दिगंबर, चाळिशीचा, हातात फोन. तो फोटो काढत होता.

"शिडी वर घेतल्यान," भाऊ हळूच म्हणाले. मेलेल्या माणसाबद्दल बोलावं तसं.

"सॉरी," मी म्हटलं. "मी फक्त कपडे..." आणि हा शब्द नऊ पुरुषांसमोर उच्चारला गेल्याने पुढचं वाक्य तिथेच सोडलं.

शिडी खाली सोडली. कोणी हात लावला नाही. ती माझी मीच, वरून, नीट टेकवली.

तेव्हा कळलं की या खोलीत फक्त दोन नियम आहेत. वरच्यांनी शिडी वर घ्यायची नाही. खालच्यांनी शिडी काढून न्यायची नाही. बाकी सगळं, मासे, झोपणं, पाहुणे, ज्याचं त्याने बघायचं. मागे एकदा, भाऊ नुकतेच गावाहून आले होते तेव्हा, सुक्या बांगड्याच्या वासावरून भांडण झालं होतं आणि वरच्यांनी शिडी वर घेतली होती. त्या भांडणातून हे दोन नियम निघाले. तेव्हापासून शिडी वर गेली नव्हती. संप झाला, गिरण्या बंद पडल्या, माणसं गेली, शिडी जागची हलली नाही. आणि मी नागपूरहून येऊन तीन तासांत ती घेतली.

"पर्सनल घेऊ नको हां," दिगंबर मला म्हणाला, "पण उद्या जनरल मीटिंग आहे. एक ठराव मी दोन वर्षं रेडी ठेवलाय. माळा काढून टाकायचा. बाहेरची भिंत ती एकच, माळ्याच्या मागची. तिथे एसी बसेल. लोक म्हणत होते, वरच्यांचा हक्क आहे, करार आहे. आता करार तुम्हीच तोडलात ना?"

"मी तोडला नाही," मी म्हटलं. म्हणजे मनात म्हटलं. तोंडातून फक्त "अं" आलं.

---

भाऊंनी एक गोष्ट न्यायाची केली. ठरावाआधी कराराचा कागद बघायचा, म्हणाले. करार झाला तेव्हाच्या कर्त्या माणसांपैकी एकटे आबा आता हयात होते, नव्वदीला टेकलेले, गिरगावात फणसवाडीत लेकीकडे राहत. दिगंबरने त्यांच्याकडे जायचं, आणि वरच्यांचं माणूस म्हणून मी बरोबर जायचं.

टॅक्सीत दिगंबर बारा मिनिटं एसीच्या टनांबद्दल बोलला. मी खिडकीतून बघत होते. परळचे टॉवर मागे पडले, रस्ते अरुंद झाले, लाकडी जिने आणि लोखंडी नक्षीचे कठडे सुरू झाले. फणसवाडीच्या तोंडाशी तो थांबला. "वडा खातेस? इथला बेस्ट." आम्ही उभ्याने बटाटावडा खाल्ला. त्याने माझ्या कागदावर जास्तीची लसणीची चटणी घातली. "तू नागपूरची, तुला तिखट चालतं." शत्रू म्हणून तो फारच चांगला होता, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटली.

आबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. कान तल्लख, दात नाहीत.

"कोणाचा चेडू गो?"

मी बाबांचं नाव सांगितलं.

"बँकवाल्याचा! तुझो बापूस माळ्यार बसान मोठ्यान वाचायचो. खालच्यांका झोप नाय. पण कोण बोलाक नाय. माळो त्यांचो."

दिगंबरने कराराचा कागद मागितला. आबा बराच वेळ हसले.

"कागद कसलो? लिहिलो असतो तर कोणी तरी वाचलो असतो. वाचलो असतो तर रोज भांडलो असतो."

दिगंबरचा चेहरा उजळला. कागद नाही म्हणजे करार नाही, हे त्याने फोनमध्ये लगेच टिपून घेतलं. माळ्यावरचा तो पखवाज, काकाची गादी, बाबांच्या अभ्यासाची जागा. हे सगळं आता माझ्या एका झोपेपायी जाणार होतं.

मग आबांनी त्या भांडणाची हकीकत सांगितली. शिडी वर गेल्यावर वरच्यांकडे अंथरुणं आणि पखवाज, खालच्यांकडे पाणी आणि चूल. दोन दिवस खालचे फरशीवर झोपले आणि भजन नुसत्या टाळ्यांवर केलं. वरच्यांनी दोन दिवस कोरडे पोहे खाल्ले. तिसऱ्या दिवशी वरून दोरीला बांधून एक भाजलेला बांगडा खाली आला. खालच्यांनी दोरीला पाण्याची कळशी बांधली.

"आणि मगे तेव्हापासून," आबा म्हणाले, "दसऱ्याक खालचो मुख्य माणूस शिडीखाली उभो रवान विचारता, वर येव काय? वरचे म्हणतत, येवा. मगे तो वर जाता, पखवाज खाली आणता, पूजा करता. दरवर्षी. भाऊ विचारता मा?"

दिगंबर घुटमळला. "भाऊंचे गुडघे, आबा. तीन वर्षं झाली. आम्ही पखवाज दोरीने खाली घ्यायचो. गेल्या वर्षी तर नाहीच घेतला. भजन आता फोनवर लावतो ना, स्पीकर आहे."

बाहेर कोणी तरी कुकरची शिटी मोजत होतं. तिसरी झाली तेव्हा आबा बोलले.

"मगे शिडी ह्या चेडवान काढूक नाय. तुम्हीच काढलात. तीन वर्सांपूर्वी."

परतीच्या टॅक्सीत दिगंबर एसीबद्दल काही बोलला नाही. सिग्नलला म्हणाला, "हे शेवटचं मीटिंगमध्ये मी सांगणार नाही हां. मी सेक्रेटरी आहे, कागदाचं विचारलं होतं, कागद नाही. बाकीचं तुला सांगायचं तर तू सांग."

मला. मीटिंगमध्ये. सांगायचं.

---

रविवारी सकाळी मी शिवाजी पार्कला गेले. तिथे कोणी मला ओळखत नव्हतं आणि मोठ्याने बोलायचा सराव करायचा होता. मैदानावर नेटमध्ये क्रिकेट चालू होतं. कट्ट्यावर निवृत्त गृहस्थ एकमेकांच्या डॉक्टरांची तुलना करत होते. मी चालत चालत पुटपुटत होते: "तुम्हीच काढलीत. तीन वर्षांपूर्वी."

शेजारून झपझप चालणाऱ्या एका आजींनी वळून पाहिलं. "नवऱ्याला सांगायचंय का?"

"नाही, नाही. मंडळाला."

"मग आवाज वाढव," त्या म्हणाल्या आणि पुढे गेल्या.

अकराला खोलीत बावीस माणसं जमली. गावाहून परत आलेल्यांनी खाजा आणि लाडू आणले होते. पत्रावळीवर वाटले गेले. मी शिडीशेजारी, पायावर पाय घट्ट ठेवून उभी. काका अजून पाळीवरच होता. त्याला मी मेसेज केला होता, त्याचं उत्तर होतं, "बोल. आपला एकच मत आसा, ता तुझा."

दिगंबरने ठराव वाचला. पोटमाळ्याचा वेगळा कारभार बंद करावा, माळा काढावा, जागेचा सर्वांना लाभ व्हावा. मग आबांचं सांगितलं: कागद नाही. खोटं काहीच नव्हतं. दोन-तीन माना हलल्या. एकजण म्हणाला, "गरम तर लय होता रे खाली." हात वर करायची वेळ आली.

मी म्हटलं, "आबा म्हणाले..."

कोणाला ऐकू गेलं नाही. खाजा कुरकुरीत होता.

"आबा म्हणाले," मी पुन्हा म्हटलं, आणि या वेळी आवाज जरुरीपेक्षा चार पट मोठा निघाला, "शिडी मी नाही काढली, तुम्हीच काढलीत, तीन वर्षांपूर्वी, दसऱ्याला विचारायचं बंद केलंत तेव्हा!"

बावीस तोंडं चावायची थांबली.

एका कोपऱ्यातून कोणी तरी म्हणालं, "लहान तोंडी मोठा घास." दुसरा म्हणाला, "आबांचा घास आसा तो, तिचो नाय."

भाऊ खाली बघत होते. मग गुडघ्यावर हात टेकून उठले आणि शिडीपाशी आले. दोन्ही हातांनी बांबू धरला. मान वर केली.

"वर येव काय?"

वर कोणीच नव्हतं. वरचं सगळं सरकार खाली, भाऊंच्या कोपराला कोपर लावून उभं होतं.

"अगो, तू वर जा मगे!" सुमनकाकू दारातून ओरडल्या. "उत्तर कोण देतला? पखवाज?"

भाऊ बाजूला झाले. बावीस माणसांसमोर मी शिडी चढले. ओढणी एकदा अडकली, ती दिगंबरने सोडवली. वर जाऊन, कठड्याशी गुडघ्यांवर बसून, खाली तोंड केलं.

भाऊंनी पुन्हा विचारलं, अगदी पहिल्यासारखंच, जणू मधलं काही घडलंच नव्हतं.

"वर येव काय?"

"या," मी म्हटलं.

"काय? ऐकाक नाय इला."

"येवा!"

भाऊ चढले. प्रत्येक पायरीला शिडी आणि भाऊ दोघेही कण्हत होते. वर पोचले, माळ्यावर बसले, आणि उजवा गुडघा तिथेच अडकला. ना सरळ होईना ना वाकेना. त्यांना उतरवणं शक्य नव्हतं. आता खोलीचे अध्यक्षच वरच्यांच्या ताब्यात होते.

"मीटिंग वर घेवया," भाऊ घामाघूम होऊन म्हणाले.

म्हणून मीटिंग वर झाली. मावली तितकी माणसं एकामागून एक शिडीखाली उभं राहून विचारून वर आली. मी प्रत्येकाला येवा म्हटलं. सातव्या येवापर्यंत माझा आवाज सरळ झाला होता. माळ्यावर कोणालाच ताठ बसता येत नाही, छत डोक्याला लागतं. त्यामुळे सगळे मान वाकवून बोलत होते आणि नवल म्हणजे भांडण होत नव्हतं. दिगंबर जागेअभावी शिडीवरच मधोमध उभा राहिला, डोकं वर, पाय खाली, आणि पत्रावळ्या पोचवू लागला.

भाऊंनी छताला हात लावला. पत्र्यासारखं तापलं होतं.

"पंखो खंय?"

"नाही वर," मी म्हटलं. "सगळी बटणं खाली आहेत."

"शांताराम हयसर झोपता? इतकी वर्सां?"

वरचा वरच्यांनी बघायचा, म्हणून कोणी बघितलंच नव्हतं.

तेव्हा माझ्या मनात आठवीच्या विज्ञानाचं पुस्तक आलं आणि मी तोंड उघडलं, कारण आता ते उघडंच होतं. "थंड हवा जड असते, ती खाली येते. एसी वरच बसवला, या मागच्या भिंतीवर, माळ्याच्याही वर, तर वर गार होईल आणि गारवा कठड्यावरून खाली उतरेल. माळा काढायची गरज नाही."

शिडीवरच्या दिगंबरने हिशेब केला. चेहऱ्यावर आधी शंका, मग टनांचा विचार, मग हळूहळू आनंद. "पण रिमोट?"

"रिमोट वर," भाऊ म्हणाले. "बटण खाली."

त्याने ठरावाचा कागद मागच्या बाजूने वापरून हे लिहून घेतलं. मग भाऊंनी तो कागद मागून घेतला, वाचला, आणि घडी करून पखवाजाच्या कापडात खोचला, जिथे तो कोणी वाचणार नव्हतं.

भाऊंचा गुडघा संध्याकाळी चारला सुटला. तोपर्यंत सुमनकाकूंनी वरच्यांच्या हद्दीत सुका बांगडा भाजून पाठवला होता. भाऊ माळकरी आहेत, त्यांनी खाल्ला नाही. पण वास घेऊन म्हणाले, "तोच."

---

सोमवारी मुलाखत झाली. मी ओलांड बेटांबद्दल बोलले: तिथला स्वायत्ततेचा कायदा बदलायचा तर देशाच्या संसदेची आणि बेटांच्या सभागृहाची, दोघांचीही संमती लागते. समितीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "पण संसद मोठी आहे. तिने ठरवलं तर तिला अडवणार कोण? कागद?"

पाठ केलेलं उत्तर होतं. ते मी दिलं नाही. मी म्हटलं, कागद अडवत नाही. जो मोठा आहे, त्याच्या हातात शिडी असते. तो ती कधीही नेऊ शकतो. व्यवस्था टिकते ती दरवर्षी तो तिच्याखाली उभा राहून विचारतो म्हणून. उत्तर त्याला माहीत असतं, तरी विचारतो. ज्या वर्षी विचारणं थांबतं, त्या वर्षी कोणाला काही कळत नाही. तीन वर्षांनी कोणी तरी नवखं माणूस चुकून शिडी ओढतं आणि सगळे म्हणतात, हिने मोडलं. आणि फक्त लांब राहून, ज्याचं त्याला बघू दे म्हणणंही पुरत नाही. मध्ये काहीतरी लागतं, पखवाज म्हणा, पाणी म्हणा, जे एकाकडे आहे आणि दुसऱ्याला हवं आहे.

"कुठली शिडी?" बाईंनी विचारलं.

मी सांगितली. माझी ठरलेली वीस मिनिटं संपून पस्तीस झाली. शेवटी एक सदस्य म्हणाले की उदाहरणाचा आकार जरा लहान आहे. मी म्हटलं, बारा बाय पंधरा.

त्याच संध्याकाळी परतीची गाडी. शांतारामकाका दादरला सोडायला आला, गणवेशातच, आणि बाबांसाठी सुक्या बांगड्यांचं पुडकं दिलं. "बापसाक सांग, माळो आसा." गाडीत लालबागच्या मसाल्याचा वास माझ्या पिशवीलाच येत होता आणि समोरच्या बर्थवरचे गृहस्थ शिंकत होते. तीन दिवस झाले होते. माझ्या शिंका थांबल्या होत्या.

पंधरा दिवसांनी निकाल आला. शिष्यवृत्तीच्या प्रतीक्षायादीत माझं नाव दुसरं आहे. बाबांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, "शिडी वर घेतलीस?" आणि आत निघून गेले.

दसऱ्याला नागपुरात मी ग्रंथालयात होते. सुट्टी होती, पण वाचनकक्ष उघडा होता. तीस मुलं परीक्षांचा अभ्यास करत होती आणि भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. फोन थरथरला. व्हिडिओ कॉल, दिगंबरचा. मी कानात वायर घालून घेतला. पडद्यावर खोली दिसली, दारावर झेंडूचं तोरण, मागे बरीच डोकी, आणि उंचावर एक नवा पांढरा एसी.

"शांतारामकाका ड्युटीवर अडकलाय," दिगंबर घाईने म्हणाला. "वर कोणी नाही. मुहूर्त जातोय. फोन मी वर कठड्यावर ठेवलाय, थांब, खाली दाखवतो."

चित्र फिरलं. शिडीच्या पायथ्याशी भाऊ उभे होते, दोन्ही हातांनी बांबू धरून, मान वर.

"वर येव काय?"

मी फोन तोंडाजवळ धरला आणि जमेल तितक्या हळू म्हटलं, "येवा."

"ऐकाक नाय इला गो."

समोरची मुलगी पेन थांबवून माझ्याकडे बघत होती. टेबलापलीकडचे ग्रंथपाल चष्मा काढत होते. मी उभी राहिले.

"येवा!"

तीस माना वर झाल्या. आणि त्या शांततेत, कानातल्या वायरीतून, मला शिडीच्या पहिल्या पायरीचं कण्हणं ऐकू आलं.